ज्याची पत, त्याचा शब्द

मिरजेच्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे बसलेल्या मुलीनं पडदा त्रिशलाकडे वळवला. "काकू, एवढं वाचून घ्या. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी काका बेशुद्ध असतील. तेव्हा काही विचारायची वेळ आली तर त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं, त्याचा क्रम आहे."

त्रिशलानं चष्मा चढवला. पडद्यावर दोनच नावं होती. खालचं तिचं: त्रिशला भरतेश चौगुले, पत्नी, सांगली. वरचं: प्रणिता बोखारे, व्यापारी संबंध, वसमत.

"हे खालीवर झालंय," ती म्हणाली.

"नाही हो काकू. काकांच्या मुखत्याराकडून असंच आलंय."

"मग मुखत्याराचं डोकं खालीवर झालंय. बायको मी आहे!"

रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. शेजारी उभा असलेला भरतेश छताच्या पंख्याकडे टक लावून बघत होता. हळदीच्या बाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस, बायकोचा आवाज चढला की कुठला तरी पंखा शोधून काढायचा.

"अहो, ही बोखारे कोण?" कोण ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण राग आला की माणूस ठाऊक असलेलंच आधी विचारतो.

"अगं, वसमतची नव्हे का. गोदामवाली. आणि हे मी नाही ठरवलं, मुखत्यारानं ठरवलंय, मुनीमजीनं."

"मुनीमजी कुणाचा? शेजाऱ्याचा?"

खिडकीमागच्या मुलीला दोघांचीही दया आली असावी. तिनं आवाज खाली आणून समजावलं. ऑपरेशन ठरलं की पेशंटला स्वतःच्या हातानं हा क्रम बदलता येत नाही. पूर्वी नातेवाईक मरणाऱ्याचा अंगठा धरून बदलून घ्यायचे, म्हणून कायदाच तसा झाला. बोखारेबाईंनाही आपला मान दुसऱ्या कुणाला देता येत नाही. त्यांनी सोडला तर डॉक्टरांची समिती बसते, आणि समिती एकदा बसली की लवकर उठत नाही. "पण पत रोज नव्यानं मोजली जाते, काकू. ऑपरेशनला अजून आठवडा आहे. तुमची पत वाढली तर नाव आपोआप वर जाईल."

तोंडावर कुणी आपली पत काढावी, हे त्रिशलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती तडक गाडीत जाऊन बसली.

त्या दिवसांत मुखत्यार घरोघरी झाले होते. नाव जुन्या मुखत्यारपत्रावरून आलेलं. काम तेच, माणूस मात्र नाही. फोनमध्ये राहणारा हा संगणकी कारभारी मालकाच्या वतीनं पत्रं लिहायचा, सौदे करायचा, लग्नाच्या आमंत्रणाला येतो म्हणायचा आणि नंतर येता आलं नाही म्हणून दिलगिरीही कळवायचा. सुरुवातीला नुसता गोंधळ माजला. आवाज हुबेहूब, चेहरा हुबेहूब, आणि बोलणारा भलताच. मेलेल्या माणसांचे मुखत्यार जमिनी विकून मोकळे झाले. मग प्रत्येक मुखत्याराला एक गुप्त किल्ली मिळाली. ही किल्ली फोनच्या आतल्या चिपमध्ये जन्मते, तिथेच राहते आणि कधीही बाहेर येत नाही. मुखत्यार आपल्या प्रत्येक शब्दावर तिनं सही करतो. तिच्या जोडीची दुसरी किल्ली जगजाहीर असते. तिनं ती सही कुणालाही तपासता येते, पण तशी सही करता मात्र येत नाही. कोण बोलतंय, हा प्रश्न असा सुटला.

पण चोराची ओळख पटली म्हणून तो काही साव होत नाही. कोण बोलतंय ते कळलं, तरी खरं बोलतंय का ते कसं कळावं? त्यासाठी पत आली. दिलेला शब्द खरा ठरला की समोरचा मुखत्यार, मालकाला विचारून, तशी सहीची पावती देतो. खोटा ठरला तरी देतो. मालकानं मुद्दाम पावती अडवली तर तेही दडवादडवी म्हणून त्याच्याच नावावर लागतं. या पावत्यांवरून प्रत्येक मुखत्यार आपापल्या मनाशी ठरवतो, कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं. नियम एकच, पण पक्का: मुखत्यार गप्प बसू शकतो, खोटं बोलू शकत नाही. मालक स्वतःच्या तोंडानं खोटं बोलला, तर आवाज मालकाचाच आहे एवढीच सही तो करतो. बाजारात ही व्यवस्था इतकी चालली की बँकांनी उचलली, कोर्टानं उचलली आणि शेवटी रुग्णालयांनी. ज्याची पत, त्याचा शब्द. नातं कुठलं का असेना.

दुपारी भरतेशचा डोळा लागल्यावर त्रिशला बैठकीतल्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. नवऱ्याच्या मुखत्याराला जाब विचारायचा हक्क बायकोला होता. त्याचं नाव भरतेशनं हौसेनं मुनीमजी ठेवलं होतं. तिची होती ती पारू.

"मुनीमजी, ती बाई माझ्या वर का?"

"वहिनीसाहेब, बोखारे यांचा आजवर एकही शब्द खोटा ठरलेला नाही. माल भिजला तेव्हा मालकांना कळायच्या आत त्यांनी स्वतः कळवलं. तोटा त्यांचाच होता."

"आणि मी काय दरोडे घातले?"

"सांगू का? बरंच आहे."

"सांग."

"मालकांच्या बहिणीकडची बासुंदी नासलेली होती, तुम्ही उत्तम म्हणालात. कोल्हापूरला गेलोय असं भाचीला कळवलंत, तेव्हा तुम्ही घरीच होतात. मालकांचा आवडता सदरा धोब्यानं हरवला म्हणालात. तो तुम्ही बोहारणीला दिला होता."

"तुला हे कुणी सांगितलं?" त्रिशला खुर्चीतून अर्धी उठली.

"तुम्हीच. क्षमावाणीला."

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. त्या दिवशी प्रत्येक जैन घरातून प्रत्येक ओळखीच्या माणसाला 'उत्तम क्षमा' जातं: कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. आता सगळ्यांचे मुखत्यार सगळ्यांना तेच एक ठरावीक वाक्य धाडायचे. गेल्या वर्षी त्रिशलालाही तेवढंच धाडायचं होतं. पण पारूनं भाबडेपणानं विचारलं होतं, "ताई, कशाकशाबद्दल?" दहा दिवसांचे उपास करून त्रिशलाचं मन त्या दिवशी धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं. देवापुढे बोलावं तसं ती पारूपुढे बोलत गेली. ज्याच्या-त्याच्याशी केलेली लबाडी तिनं नावासकट सांगितली, डोळे पुसले, आणि हलक्या मनानं पारणं केलं. पारूनं ज्याची कबुली त्याच्या निरोपाला जोडली, प्रत्येकीवर सही केली आणि पाठवून दिली.

माणसांपैकी कुणी एक अक्षर वाचलं नाही. क्षमावाणीचे निरोप कोण वाचतं? मुखत्यारांनी मात्र सगळे वाचले. आणि मालकानं स्वतः दिलेल्या कबुलीइतकी वजनदार पावती जगात दुसरी नाही. गावात ज्यांनी तोंडदेखली क्षमा मागितली ते पतवान राहिले, आणि जिनं मनापासून मागितली ती खोटारडी ठरली.

"सगळ्यात जड कबुली वेगळीच आहे," मुनीमजी म्हणाला. "मालकांच्या आईच्या शेवटच्या शब्दांची."

त्रिशलानं झटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. सासूबाई गेल्या तेव्हा भरतेश लिलावात अडकला होता. धावत आला तेव्हा तिनं सांगितलं होतं, शेवटी तुमचंच नाव घेत होत्या. खरं तर म्हातारीनं लहानपणी गेलेल्या थोरल्या मुलाचं नाव घेतलं होतं. भरतेशची तिला आठवणही झाली नव्हती.

"हे त्यांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारलं तर?"

"सांगावं लागेल."

त्रिशलानं पडदा बंद केला. राग मुनीमजीचा नव्हता, पारूचाही नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे ती वसमतची बाई उभी होती. तिनं तिला एकदाच पाहिलं होतं, हंगामाच्या मुहूर्ताला, मार्केट यार्डात. ठेंगणी, सावळी, मनगटावर पुरुषी घड्याळ, हसणं तर गल्ली ओलांडून ऐकू येईल असं. त्रिशलाला आधी बरंच वाटलं होतं. मग भरतेशनं रुमाल काढला. सांगलीच्या हळदीत जुनी चाल आहे: रुमालाखाली दोघांनी हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, तिसऱ्याला कळू न देता. मुखत्यार आल्यावर ही चाल मोडीत निघायची, ती उलट पक्की झाली. मुखत्यारामागे खरोखर जिवंत माणूस आहे याची खात्री म्हणून वर्षातून एकदा दोघा व्यापाऱ्यांनी रुमालाखाली हात द्यायचा आणि तिथे ठरलेली खूण आपापल्या मुखत्याराच्या कानात सांगायची. ती खूण त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नसते. नवऱ्याचा हात त्या बाईच्या हातात, वर पांढरा रुमाल, आणि रुमालाखाली काहीतरी हलतंय. त्या दिवशी त्रिशलानं यार्डातला चहा तसाच ठेवला होता.

आणि आता त्याचा जीव टांगणीला लागेल तेव्हा त्याच्यासाठी बोलायचं त्याच बाईनं. मूलबाळ नाही, सासू-सासरे नाहीत, नणंद तिच्या सासरी. या माणसावर हक्क सांगणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं, या एका गोष्टीवर ती आजवर निर्धास्त होती. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, आणि तिनं ठरवलं की पत वाढवायची.

पत वाढवायची म्हणजे खरं बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं नणंदेला फोन लावला. "सुरेखावन्सं, गेल्या दिवाळीची तुमची बासुंदी नासली होती."

"अगं बाई! आता सांगतीस? मी चार घरी वाटली की!"

"आणि तुमच्या विहीणबाई कंजूष नाहीत. तुम्हीच मानपानात खुसपटं काढता."

नणंदेनं फोन आपटला. पारूनं नोंद घेतली. पुढे शेजारच्या कांचनताई आल्या. त्यांचा नातू गाण्याच्या स्पर्धेला उभा राहणार होता; त्याला गळा नाही, असं त्रिशलानं दारातच सांगून टाकलं. मंदिरातल्या महिला मंडळाला सांगितलं की तुमच्या सहलींचा मला कंटाळा येतो. भाचीला सांगितलं की तुझा नवरा मला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. आठवड्याच्या मध्यापर्यंत तिच्याशी बोलणारं माणूस शिल्लक राहिलं नाही. नवरा आजारी असताना कुणी डबा घेऊन आलं नाही, की कसं काय म्हणून विचारलं नाही. पत मात्र चढत होती, पण मुंगीच्या पावलानं.

"वसमत किती पुढे आहे?" ती मुनीमजीला दिवसातून पाच वेळा विचारायची.

"अजून पुढे आहे, वहिनीसाहेब."

दुसऱ्याची रेघ पुसून आपली मोठी होत नाही, हे तिनं शाळेत शंभरदा ऐकलं होतं. पण मत्सराला शाळा नसते. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भरतेशला रुग्णालयात दाखल केलं, आणि घरी येऊन तिनं पारूमार्फत रीतसर वसमतला फोन लावला. बेत साधा होता. असा प्रश्न विचारायचा, की कुठलीही बाई त्यावर खोटंच बोलेल. मुखत्याराला आवाजातला कंप कळतो. एक संशयाची पावती पुरे होती.

"नमस्कार वहिनी!" पलीकडून तोच मोठा आवाज आला. "शेठ कसे आहेत? ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय बघा."

जिवाला घोर! त्रिशलानं दातओठ खाल्ले. "एक विचारू? तुमचं आणि ह्यांचं काय आहे?"

ती म्हणेल, अगंबाई वहिनी, मला भावासारखे आहेत. त्रिशला त्या वाक्याची वाट बघत होती.  मग आवाज आला, पण मघाचा मोठा नव्हे.

"खरं सांगू का? मला आवडतात ते. पहिल्या सौद्यापासून. त्यांच्या मनात तसलं काही नाही, असतं तर मी रुमालाला हात लावला नसता. त्यांना ठाऊक नाही. मी जन्मात सांगणार नाही. तुम्ही विचारायलेत म्हणून सांगायले."

त्रिशलानं फोन ठेवला. संशय होता तोवर त्याच्याशी भांडता तरी येत होतं. आता भांडायचं कुणाशी?

"ताई, विधान खरं आहे," पारू म्हणाली. "तशी पावती देऊ?"

"दे बाई," त्रिशला म्हणाली. "नाही दिली तर तेही माझ्याच डोक्यावर." अशा रीतीनं तिनं स्वतःच्या हातानं सवतीची रेघ आणखी बोटभर वाढवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मुनीमजीनं सांगितलं की बोखारे किंचितच पुढे आहेत. तुमच्याकडून एखादी जड गोष्ट खरी आली, स्वतःला बोचणारी, तर तुम्ही वर जाल. संध्याकाळी क्रम कायम होईल, मग ऑपरेशन होईपर्यंत हलणार नाही.

उन्हं कलली होती. भरतेश रुग्णालयाच्या हिरव्या झग्यात उशीला टेकून बसला होता. छातीवरचे केस काढल्यामुळे तो एकदम पोरसवदा दिसत होता. उशापाशी फोन ठेवलेला होता, म्हणजे मुनीमजी ऐकत होता.

"प्रणिताला फोन केला होतास म्हणे," तो म्हणाला. "मुनीमजी सांगत होता. काय म्हणाली?"

त्रिशलानं त्याच्याकडे पाहिलं. जड गोष्ट आयती चालून आली होती. एक वाक्य बोलायचं, की उद्या त्याच्या जिवाचा शब्द तिच्या तोंडी असणार होता. आठवडाभर तिनं एवढ्यासाठीच गणगोत तोडलं होतं. पण ते वाक्य एकदा त्याच्या कानात गेलं, की तो उद्या तेच घेऊन बेशुद्ध होणार आणि शुद्धीवर आला की पहिलं तेच आठवणार. वसमतला एक बाई आहे, तिला मी आवडतो. साठीकडे झुकलेल्या पुरुषाला एवढं पुरतं. आधी तो हसेल, मग गप्प होईल. पुढच्या मुहूर्ताला रुमाल काढताना त्याचा हात पहिल्यासारखा राहणार नाही.

"हळदीचं बोललो," ती म्हणाली. "यंदा तिकडं कंद बारीक निघालाय म्हणाली."

"एवढंच?"

"मग आणखी काय?"

उशाजवळच्या फोनमधून मुनीमजीनं पारूला विचारलं असणार, आणि पारू गप्प बसली असणार. संध्याकाळी क्रम कायम झाला. त्रिशलाचं नाव खालीच राहिलं.

सकाळी भरतेशला आत नेलं तेव्हा प्रणिता बोखारे शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर येऊन बसली होती. पहिल्या क्रमाच्या माणसानं हजर राहायचं असा नियमच होता. मनगटावर तेच घड्याळ होतं. डोळे सुजलेले होते, आणि त्रिशलाला त्या सुजेचाही राग आला. रडायचा हक्क हिला कुणी दिला?

"मी मागितलं नव्हतं हे, वहिनी," प्रणिता म्हणाली. "समिती बसवली तर शेठ आत टेबलावर ताटकळतील, म्हणून आले. माझा फोन गाडीत ठेवून आले. तुमचाही बंद करा. आपण दोघीच बसू."

त्रिशलानं पर्समध्ये हात घातला आणि काहीच न करता बाहेर काढला. पारू आत जागीच होती.

दुपार होत आली तेव्हा डॉक्टर इनामदार बाहेर आल्या. टोपीखालचं कपाळ घामेजलं होतं. झडप दुरुस्त होतेय, त्या म्हणाल्या, पण मोठ्या रक्तवाहिनीचं मूळच पातळ झालेलं आढळलंय. आत्ताच तेही बदलायचं तर ऑपरेशन मोठं होईल, धोका वाढेल. नाहीतर नुसती झडप नीट करून छाती बंद करायची आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडायची. "दोन्ही करता येण्यासारखं आहे. निर्णय तुम्ही द्यायचा. फार वेळ नाही." दाराशेजारच्या काचेच्या डोळ्याकडे बोट दाखवून त्या आत गेल्या. तो रुग्णालयाचा मुखत्यार होता. तो तयार झाल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत दोघींना सवड होती.

"मला तर आत्ता बंद करावं वाटायलं," प्रणिता हलक्या आवाजात म्हणाली. "धोका कशाला? तुम्हाला काय वाटतं?"

"माझं कोण विचारतंय?"

"मी विचारायले."

त्रिशलाला थोबाडीत बसावी तसं झालं, पण भांडायला वेळ नव्हता. "आत्ताच करायला सांगा. सगळं. हा माणूस पुन्हा टेबलावर चढणार नाही. दाढ दुखली तर एकदा डॉक्टरकडं गेला आणि दुसऱ्या खेपेला नगरला निघून गेला, अर्धी दाढ तोंडात घेऊन. शुद्धीवर आला की म्हणेल, बरं वाटतंय, आता कशाला. आणि तसाच एक दिवस यार्डात कोसळेल. ओळखते मी त्याला."

 प्रणिता उठून काचेच्या डोळ्यासमोर उभी राहिली. हिरवा दिवा लागला.

"प्रणिता बोखारे. मोठं ऑपरेशन आत्ताच करा."

"हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे का?" मुखत्यारानं विचारलं. "कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून दिला असल्यास तो समितीपुढे जाईल."

"माझाच आहे," प्रणिता म्हणाली. "कुणी सांगितलं नाही."

आवाज जरासा हलला होता. पण एवढ्या पतवान माणसाचा आवाज तपासायचा कुणी? दिवा विझला आणि निर्णय आत गेला.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, सगळं नीट झालं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. "ते डोळे उघडतील तेव्हा मी इथं नको," प्रणिता म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत निघून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत त्रिशला जिन्यापाशी उभी होती.

पर्समधून पारू बोलली. "ताई, बोखारे यांचं विधान खोटं होतं. निर्णय तुमचा होता. मी ऐकलंय. आता नोंदवलं तर उपचाराला बाध येणार नाही, पण त्यांची पत कोसळेल आणि मुनीमजींच्या क्रमात तुम्ही पहिल्या याल. नाही नोंदवलं, तर दडवल्याचा ठपका तुमच्यावर येईल. नोंदवू?"

त्रिशला बाकावर बसली. आठवडाभर जे हवं होतं ते पदरात पडत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण ती पावती मुनीमजीकडे जाणार. नाव खाली का गेलं, म्हणून भरतेश विचारणार. आणि मुनीमजी सांगणार की जी बाई जन्मात खोटं बोलली नाही, ती तुमच्यासाठी बोलली. त्रिशलानं या माणसासाठी आजवर ढीगभर खोटं बोललेलं होतं, आणि ते कुणाला मोजायलाही नको होतं. दुसरीचं हे एक खोटं त्या सगळ्या ढिगाला भारी पडणार होतं. हळदीतला माणूस तो. थोडक्या मालाला भाव जास्त, हे त्याला कुणी शिकवायला नको.

"नको," ती म्हणाली. "ती पहिलीच बरी आहे."

"ताई, तुमची पत..."

"जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी भरतेश नीट शुद्धीवर आला. घसा कोरडा पडला होता. तिनं चमच्यानं पाणी दिलं. डॉक्टर येऊन, मोठं ऑपरेशन झालं, आता पुन्हा चिंता नाही, असं सांगून गेल्या. तो बायकोकडे वळला.

"एकदाच सगळं करून टाका असं कुणी सांगितलं?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मी," त्रिशला म्हणाली.

"वाटलंच," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

उशाजवळच्या फोनमध्ये मुनीमजीनं रुग्णालयाची नोंद पडताळून पाहिली. निर्णय बोखारे यांचा होता. त्यानं त्रिशलाच्या नावावर आणखी एक खोटं मांडलं.